पंचमीला मारलेली कुदळ

मामा कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. उंबऱ्याबाहेर थांबायचे, मान पुढे काढायचे आणि नाकाने एक लांब श्वास आत ओढायचे. घरातली माणसं हसून "या, या" म्हणत असायची आणि हा गृहस्थ दारात उभा राहून हवेचा वास घेत असायचा. सांगलीत आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीलाही त्यांनी तेच केलं. सगळे पाहुणे बघत होते. वास घेऊन झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, घर झ्याक बांधलंय. हवा तेवढी बरी न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे. त्या दिवशी पंगतीत मी त्यांना आग्रहाने जिलेबी वाढली आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो माणूस मला कधीच आवडला नाही, त्यालाही मी आवडत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

वास घेण्याची सवय त्यांच्या धंद्यातली होती. मामा हरिपूरचे, आणि त्यांचा जन्म पेवांत गेला. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली खोली. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात हवा मरते. घाईने उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर पुन्हा थांबायचं. मामांनी असे तीनजण मेलेले पाहिले होते. "तिघंबी हुशार हुते," ते म्हणायचे, आणि 'हुशार' म्हणताना माझ्याकडे बघायचे.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. एखादा साधा प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचे. समोरच्याने उत्तर दिलं तरी गप्पच. ती शांतता इतकी लांबायची, की माणूस आपण होऊन आणखी काहीतरी बोलायचा आणि त्यात सापडायचा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, रोज शंभर पोरांसमोर उभा राहतो. पण मामांच्या त्या गप्प बसण्यापुढे मीही नको ते बोलून जायचो.

महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो धंदा बसला. नंतर सासूबाई गेल्या, आणि सुनंदाने, माझ्या बायकोने, हट्टाने त्यांना आमच्याकडे आणलं. येताना एक वळकटी, एक पहार आणि दांडा गुळगुळीत झालेली कुदळ एवढंच सामान. "ही हत्यारं कशाला, आबा? इथं बाग चार फुटांची," सुनंदा म्हणाली. "असू दे. माझ्या वळखीची हायत," असं म्हणून त्यांनी ती आपल्या खाटेखाली सरकवली.

आमच्या घरात ते बारा वर्षं राहिले आणि बारा वर्षं मला 'पाव्हणं'च म्हणत राहिले. मान देऊन बोलायचे, 'तुमी' म्हणायचे, ताटावर बसायच्या आधी मी बसलोय का बघायचे. आणि त्या मानातच असं काही मुरवून द्यायचे, की घास कडू लागावा. मी नळ दुरुस्त करायला बसलो तर, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, तुमचं हात शिकवायचं हायत." मी शिकवायला निघालो तर, "जावा, पुस्तकातलं बेडूक वाट बघत आसंल." मीही कमी नव्हतो. त्यांच्या देखत सुनंदाला म्हणायचो, "मामांना विचार, पेवात पेपर येत होता का?" ती मधल्या मध्ये दोघांच्या ताटांत भात वाढत राहायची.

आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा घर ओकंबोकं वाटायला लागलं, म्हणून मी एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. मुलीने फोनवरून त्याचं नाव ठेवलं ब्रूनो. मामांनी दोन दिवस त्याच्याकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्यो मुकादम हाय. काम काय करत न्हाई, नुसता दुसऱ्याचं बघत बसतोय." झालं. दूधवाल्यापासून कोपऱ्यावरच्या सुभेदारांपर्यंत सगळे त्याला मुकादम म्हणू लागले. मी एकटा ब्रूनो म्हणत राहिलो आणि तो माझ्या हाकेला येईनासा झाला.

हे मला फार लागलं, आणि ते कबूल करायला आता कसली लाज! कुत्रं मी आणलं, लस मी टोचून आणायचो, पट्टा मी घेतला. ते झोपायचं मात्र मामांच्या खाटेशी. मामा बागेत वाफे करायला बसले की तो शेजारी बसून कुदळीच्या प्रत्येक घावाला मान हलवायचा. "बघा मुकादम, सरळ हाय का?" मामा विचारायचे. तो शेपूट आपटायचा. माझ्याशी मामा इतकं गोड एकदाही बोलले नाहीत.

म्हातारा झाल्यावर मुकादमला कमी ऐकू यायला लागलं आणि गाडीखालची सावली त्याला आवडायला लागली. मामांनी मला रोज बजावायला सुरुवात केली. "पाव्हणं, आधी खाली वाकून बघायचं, मग चावी फिरवायची." रोज. मी बूट घालत असलो तरी, फोनवर असलो तरी. शेजारीपाजारी ऐकत असायचे. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आपल्याच दारात रोज कुणी 'खाली बघ' सांगत असेल तर त्याचं काय होतं, ते मी सांगत नाही. मी रोज वाकायचो आणि रोज जळायचो.

त्या वर्षीच्या नागपंचमीला सकाळी आमची चांगलीच जुंपली. मामांची आई नागपंचमीसाठी नावाजलेल्या शिराळ्याची. पंचमीचं त्यांना फार. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि जमीन तर उकरायचीच नाही. जमिनीत नागोबा असतो, त्याला लागेल. मी नेमका कुंपणाजवळ गवत उपटत होतो. मामा ओरडले, "आजचा दिस तरी हात आवरा! शिकल्याली माणसं तुमी!" मीही ओरडलो, की माझ्या घरात मला कुणाची परवानगी लागत नाही. मामा लाह्या आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले. फाटकात थांबून तेवढं म्हणाले, "जाताना खाली बघा."

सुनंदा बायकांबरोबर वारुळाला गेली होती. घरात मी एकटा. चावी घेऊन मी गाडीशी आलो आणि वाकलो नाही. विसरलो नाही, घाईतही नव्हतो. त्या म्हाताऱ्याने सांगितलं म्हणूनच वाकायचं नाही, असं ठरवून मी ताठ मानेने गाडीत बसलो आणि गाडी मागे घेतली.

आवाज फार मोठा झाला नाही. मी उतरलो तेव्हा मुकादम मागच्या चाकाशी पडला होता आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. माझ्याकडे बघत होता. मग बघायचा थांबला.

मी रडलो का? नाही. मी गाडी पुन्हा जागेवर लावली, चाकावर पाणी मारलं, फरशी धुतली. कुत्र्याला उचलून मागच्या बागेत नेलं आणि मामांच्या खाटेखालची कुदळ ओढून खणायला लागलो. कुणी यायच्या आत सगळं मातीआड करायचं, एवढंच डोक्यात होतं. वीतभर खड्डा झाला असेल तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, कुदळ खाली ठेवा. आज पंचमी हाय."

मामा लाह्यांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं आणि ते खाली बसले.

"काय झालं ह्याला?"

मी जीवशास्त्र शिकवतो. कोणता साप चावला की तोंडातून रक्त येतं, हे मला ठाऊक होतं. "घोणस," मी म्हणालो. "साप चावला. कुंपणापलीकडून आला होता, तिकडंच गेला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं ते गप्प बसणं सुरू झालं. मी बोलत गेलो: केवढा होता, कसा गेला, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या ढिगाऱ्यात कसा शिरला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पंचमीला नागोबाचं नाव घेतलंसा." आणि कुत्र्याच्या डोक्याखाली त्यांनी आपला टॉवेल घातला.

त्या दिवशी पुरता येणार नव्हतं. मामांनी बर्फाची लादी आणवली, मुकादमला मागच्या व्हरांड्यात ओल्या पोत्यांवर ठेवलं आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. त्याचं अंग पुसत होते. सुनंदा आली, रडली. पुरणाची दिंडं उकडायची राहिली. मी तिलाही सापाचंच सांगितलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या वेळी ते खोटं वाटतच नाही.

दुपारी सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेला, अंगाने दांडगा, मनाने मोकळा माणूस. साप म्हटल्यावर त्यांनी कॉलनीतल्या चौघांना जमवून तो ढिगारा उपसला. तासाभराने काठीवर एक लांबच्या लांब पिवळसर साप टाकून आमच्या फाटकात हजर. त्याचं डोकं चेचलेलं होतं, शेपूट अजून हलत होतं.

"सर, ह्योच का बघा. काम तमाम केलंय. आता टेन्शन घिऊ नगा."

ती धामण होती. बिनविषारी. उंदीर खाऊन जगणारी. मी दरवर्षी फळ्यावर तिचं चित्र काढतो आणि पोरांना सांगतो, हिला मारू नका. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं.

"हाच असेल," मी म्हणालो.

मामा व्हरांड्यातून उठून आले. पेवाच्या तोंडाशी बसत असतील तसे त्या धामणीपाशी उकिडवे बसले. "सुभेदार, ही धामण हाय," ते हळूच म्हणाले. "पेवात ही आसली की आमी हात जोडायचो. हळदीला उंदीर लागत न्हाई." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, तुमी शिकवता न्हवं? हिच्या चावण्यानं कुत्रं मरतंय व्हय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनंदाही.

"लांबून नीट दिसलं नव्हतं," मी म्हणालो.

सुभेदारांचा चेहरा उतरला. "आयला, पंचमीला पाप झालं की ओ," असं पुटपुटत ते काठी तिथेच टाकून गेले. पुढे वर्षभर ते दर सोमवारी देवळात दूध वाहत होते, हे मला माहीत आहे. त्यांचं पापही खरं तर माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मामांनी खड्डा घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी पुढे झालो तर म्हणाले, "तुमी वर थांबा." सुभेदार मदतीला आले, त्यांनाही नको म्हणाले. वरचा लाल मुरूम बाजूला काढला, खालची काळी माती वेगळी केली. तोंड लहान ठेवून आत पोट वाढवत नेलं. कुत्र्यासाठी ते एक लहान पेवच खणत होते. छातीएवढं खोल गेल्यावर तळहाताने भिंती चोपल्या, तळाला कडुलिंबाचा पाला अंथरला. मी एवढी वर्षं त्यांच्या पेवांची टिंगल केली होती, आणि त्यांना काम करताना बघत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा. एकही घाव वाया जात नव्हता.

"द्या त्याला," ते आतून म्हणाले. मी मुकादमला दोन्ही हातांवर घेऊन खाली वाकलो. त्यांनी त्याला लगेच घेतलं नाही. माझं मनगट धरलं आणि माझा हात त्याच्या बरगड्यांवर दाबला. आत सगळ्या काड्या झाल्या होत्या.

"सापाचं दात लय मोठं हुतं म्हणायचं," मामा म्हणाले.

त्यांचे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. मनगट त्यांनी सोडलं नाही. ते थांबले. मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. इतक्यात सुनंदा हळदीकुंकवाची वाटी घेऊन मागे येऊन उभी राहिली. "काय झालं, आबा?" तिने विचारलं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं नाही.

"काय न्हाई गं," ते म्हणाले. "पाव्हण्यांचा हात थरथरतोय." आणि त्यांनी मुकादमला आत घेतलं.

त्याच्या शेजारी त्यांनी धामणीसाठी दुसरा खड्डा घेतला. तिच्या चेचलेल्या तोंडाशी रीतीप्रमाणे देव्हाऱ्यातला तांब्याचा जुना पैसा ठेवला. माती त्यांनी मला लोटायला लावली. तेवढं एकच काम त्या दिवशी त्यांनी मला दिलं.

चौथ्या दिवशी मामांनी वळकटी बांधली. "मला हितं करमत न्हाई," सुनंदाला एवढंच. ती रडली, मग चिडली, मग नको ते बोलली. बारा वर्षं केलं त्याचं हेच का, एका कुत्र्यासाठी लेकीला सोडून चाललात का, आईला जन्मभर असंच छळलंत. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मी दाराआड उभा होतो. त्यांनी दोन वाक्यं बोलली असती तर सगळं माझ्यावर आलं असतं. ते म्हणाले, "माझा सभावच तसला हाय," आणि रिक्षात बसले.

त्यानंतर सुनंदा त्यांच्याशी जेमतेम बोलायची. फोन केला तर औषधापुरता. आणि मी? मी तिची समजूत काढायचो. "जाऊ दे, म्हातारी माणसं," म्हणायचो.

वर्षभराने न राहवून मी हरिपूरला गेलो. पुरात भिंत खचलेल्या घराची एकच खोली शिल्लक होती, तिच्या दारात मामा सुतळी वळत बसले होते. बसा म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाकलो नव्हतो ते, आणि का वाकलो नव्हतो तेही.

"मला कशापायी सांगताय?" ते सुतळीवरून नजर न काढता म्हणाले. "मी त्याला हातानं पुसलाय. लेकीला सांगितलंसा?"

"नाही. तुम्ही तरी का नाही सांगितलंत तिला?"

"तिनं ते माझ्याकडनं ऐकायचं? आन मग तिनं तुमच्या घरात कुठल्या तोंडानं ऱ्हायचं?" त्यांनी सुतळीला पीळ दिला. "तिचा नवरा कसला हाय ते तिला नवऱ्यानंच सांगावं. जावा. तिला सांगितल्याबिगर हितं पाऊल टाकू नगा."

मी सांगितलं नाही आणि पुन्हा गेलो नाही. पुढच्या माघात मामा गेले. झोपेतच गेले. शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

तेरावा हरिपूरलाच केला. अंगणात दोन पंगती बसल्या होत्या. मामांबरोबर पेवांत काम केलेले चार-पाच म्हातारे, भावकी, सुभेदारही आवर्जून आलेले. मी आमटीची बादली घेऊन वाढत होतो. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "म्हातारा कामाला वाघ, पर खोडीचा लय. लेकीकडंबी टिकला न्हाई बघा." दोघेतिघे हसले. पलीकडे भात वाढणारी सुनंदा थांबून म्हणाली, "काय करणार, आबांचा स्वभावच तसा. कुत्रं मेलं एवढं निमित्त झालं आणि निघाले."

ती हे सहज म्हणाली. रागही उरला नव्हता, पक्कं झालं होतं. उद्या आमची मुलगी हेच सांगेल, मग तिची मुलं.

मी बादली हातात धरूनच बोललो. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेला. कुत्रं साप चावून मेलं नाही, ते माझ्या गाडीखाली गेलं, म्हणालो. मामा रोज वाकून बघायला सांगायचे म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम वाकलो नाही. सुभेदार, त्या धामणीने काही केलं नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. मामांना सगळं कळलं होतं. त्यांनी मला दोनदा संधी दिली, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर ते घर सोडून आले. त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

सुभेदारांनी हातातला घास ताटात ठेवला.

सुनंदा माझ्यासमोर आली. मला वाटलं, ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. तिने माझ्या हातातली बादली काढून घेतली, पळी घेतली आणि मी थांबलो होतो त्याच्या पुढच्या ताटाशी वाकली. तिथे पेवांतला एक म्हातारा बसला होता. त्याला आमटी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, ती त्यालाच सांगू लागली,

"दोन दिवाळ्या मी त्यांना घरी बोलावलं नाही हो, काका."